स्टेडियम पडलं, हप्ते उभे!

नवं स्टेडियम बांधायचं म्हटलं की पुढाऱ्यांचं पालुपद ठरलेलं: शहराची भरभराट होणार! कुणाची होते, ते मात्र बघण्याजोगं आहे.

सिॲटलचं किंगडोम 2000 साली सुरुंग लावून पाडलं. भुईसपाट व्हायला जेमतेम 17 सेकंद लागले, कर्ज फिटायला 2015 उजाडलं. त्यात छताच्या दुरुस्तीचाही खर्च होता. छप्पर गेलं, हप्ते चालूच!

माँट्रियलचे महापौर ज्याँ द्रापो छातीठोकपणे म्हणाले होते, पुरुषाला मूल झालं तरच ऑलिम्पिकला तोटा होईल. खेळ झाले 1976 मध्ये, स्टेडियमचं देणं फिटलं 2006 मध्ये, तेही सिगारेट ओढणाऱ्यांवर खास कर लावून. एका व्यंगचित्रकाराने तर महापौरांना चक्क गरोदर दाखवलं.

खरी धमाल शिकागोत. रिगली फील्ड या बेसबॉलच्या मैदानाला लागून इतकी घरं, की गच्चीवरून सामना फुकट दिसायचा. आधी घरमालक खुर्च्या टाकून मजेत बघायचे. मग त्यांनी गच्चीवर पायऱ्यापायऱ्यांचे बाक ठोकले आणि थेट तिकीटच लावलं! तिथल्या कब्ज संघाने 2002 साली कोर्ट गाठलं. 2004 मध्ये तडजोड झाली: गच्चीच्या कमाईतले 17 टक्के संघाला. पुढे संघाच्या मालकांनी त्यातल्या बऱ्याच इमारतीच विकत घेतल्या. शेजाऱ्याशी भांडून दमलात तर त्याचं घर घ्या, हा उपाय सगळ्यांना परवडणारा नाही म्हणा.

शेजाऱ्यांची कमाई ग्रीन बेमध्येही होते. हे अमेरिकेतलंच लाखभर वस्तीचं गाव, स्टेडियम 80 हजारांवर प्रेक्षकांचं. सामन्याच्या दिवशी आसपासचे रहिवासी अंगणातल्या हिरवळीवर गाड्या लावू देतात, पैसे रोख.

मग पालिकेच्या तिजोरीचं काय? बहुतेक अर्थतज्ज्ञ म्हणतात, फार काही नाही. सामन्यावर उडवलेला पैसा एरवी त्याच शहरातल्या सिनेमात नाहीतर हॉटेलात उडाला असता. एका खिशातून काढून दुसऱ्यात घातला, इतकंच.

मुंबईत तर हिशेबापेक्षा हट्ट मोठा. ब्रेबॉर्न स्टेडियमवरच्या तिकिटांच्या वाटपावरून तिथला क्लब आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांचं फाटलं आणि किलोमीटरभरही अंतर न ठेवता वानखेडे उभं राहिलं. जानेवारी 1975 मध्ये तिथे पहिली कसोटी झाली. ग्रीन बेसारखी अंगणाची कमाई इथे कुणाच्या नशिबी नाही. प्रेक्षक चर्चगेटच्या लोकलने येतो.