वैखरीवांचून वाणी

आपल्या शास्त्रकारांनीं वाणीचीं परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी अशीं चार रूपें मानिलीं आहेत. त्यांपैकीं कानांवर पडते ती वैखरी तेवढी शेवटची. मेंदूच्या पक्षाघातामुळें ज्याची जीभ व ओठ स्वाधीन नाहींत, किंवा स्वमग्नतेमुळें ज्याच्या मुखावाटें शब्द सहसा उमटत नाहीं, अशा बालकाची वैखरी अडलेली असते. म्हणून त्याच्या अंतरांत सांगण्याजोगें कांहींच नाहीं असें मानणें हा मोठा अन्याय होय. पोट दुखत असतां तें सांगतां न आल्यामुळें मूल आक्रंदतें, हातपाय आपटतें, आणि आपण त्याला हट्टी ठरवून मोकळे होतों.

मुंबईच्या मालिनी छिब यांस लहानपणापासून मेंदूचा पक्षाघात आहे. त्यांचें बोलणें परक्या माणसास समजणें कठीण. त्यांच्या मातोश्री मिठू अलूर यांनीं १९७२ सालीं मुंबईस ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापिली, व अशा मुलांच्या शिक्षणास वाट करून दिली. मालिनीबाई पुढें एका करंगळीनें कळा दाबून लिहूं लागल्या, सेंट झेवियर्स महाविद्यालयांतून पदवीधर झाल्या, लंडनास जाऊन त्यांनीं दोन पदव्युत्तर पदव्या मिळविल्या, आणि त्या करंगळीच्याच नांवानें इंग्रजींत आत्मचरित्र प्रसिद्ध केलें. ती करंगळी रिकामी राहती, तर या बुद्धीचा पत्ता कोणास लागता?

साधनें अनेक आहेत. चार्ल्स ब्लिस यांनीं १९४९ सालीं एक चिन्हलिपि प्रसिद्ध केली. तिचा हेतु भिन्नभाषी लोकांस जोडावें हा होता. परंतु १९७१ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें शिक्षकांनीं ती न बोलणाऱ्या मुलांपुढें ठेविली, आणि मुलें चिन्हांवर बोट ठेवून मनोगत सांगूं लागलीं. अलीकडे पवईच्या आय. आय. टी.मध्यें ‘जेलो’ नांवाचें ॲप सिद्ध झालें. त्यांतील चित्रावर बोट ठेवतांच शब्द ऐकूं येतो, आणि मराठीचीही सोय त्यांत केलेली आहे.

तथापि आरंभास पुठ्ठा, चित्रें व गोंद एवढें पुरे. पाणी, भूक, शौच, दुखतें, आणखी, पुरे, हवें, नको अशीं चित्रें प्रथम लावावीं. पुढें आजी-आजोबा, काका-काकू यांचीं छायाचित्रें, भाकरी, शेंगाचटणी, गड्ड्याची जत्रा असे त्याच्या आवडीचे विषय घालावे. प्रत्येक चित्राखालीं शब्द लिहावा. आपल्या सोलापुरांत घरांत मराठी, शेजारीं कानडी आणि पलीकडे तेलुगु. चित्रास हा भेद आड येत नाहीं.

पाटी करून भिंतीला टांगल्यानें कार्य होत नाहीं. मोठ्यांनीं स्वतः बोलतांना तिच्यावर बोट ठेवीत जावें. मूल भाषा ऐकून शिकतें, तशी ही पाहून शिकतें. ‘दूध कीं पेज?’ असें विचारून दहा अंक मोजीपर्यंत स्वस्थ बसावें. एकत्र कुटुंबांत हेंच अवघड! मुलानें मान वळविण्यापूर्वीं आत्या पेला आणते, काकू घास भरविते, आणि विचारण्याची गरजच उरत नाहीं. माया खरी, परंतु ती मुलाची पाळी हिरावून घेते.

‘चित्रांची संवय लागली तर मूल बोलावयाचें राहील’ ही शंका वडीलधारीं माणसें हटकून काढतात. आजवरच्या अभ्यासांत तसें आढळलेलें नाहीं. उलट कित्येक मुलांचें बोलणें किंचित् वाढलेलेंच दिसलें. म्हणून ‘उशिरां बोलेल’ म्हणत वर्षें दवडूं नयेत. प्रथम कानांची तपासणी करावी, वाक्-उपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, आणि पाटी त्याच दिवशीं सुरू करावी. दिव्यांगांच्या हक्कांविषयींच्या २०१६ च्या कायद्यानें संवादाच्या व्याख्येंत अशा पर्यायी रीतींचाही समावेश केला आहे, हें शाळांनींही ध्यानीं ठेवावें.

शेवटीं एक सूचना. मुलानें ‘नको’वर बोट ठेविलें, तर औषधासारखा अपवाद सोडून तो नकार मानावा. ज्याचें ‘नको’ घरांत कोणी ऐकत नाहीं, तें मूल ‘हवें’ तरी कशासाठीं सांगेल? आणि बाहेरच्या जगांत कोणी त्याला छळलें, तर तें सांगण्यास धजेल तरी कसें?