दोघांचं मिळून एक तिकीट



आज बोलायचं आहे ते सहलीबद्दल. तुमच्यातल्या निम्म्या जणी म्हणतील, निंदणी आटोपली नाही आणि ह्यांना सहल सुचतेय. आमच्याही गटात हेच झालं होतं. तरी पुढची दहा-बारा मिनिटं ऐका.

आमच्या गटात एक आक्का आहेत. गाव धुळे तालुक्यातलं. गेल्या वर्षी आक्कांना साठ पूर्ण झाली आणि त्यांच्या मालकांना, नानांना, पासष्ट. दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी, १ जून. हसू नका. तुमच्या घरातली आधार कार्डं काढून बघा, मोठ्या माणसांपैकी एकाची तरी तारीख १ जून निघेल. पूर्वी मूल शाळेत घालताना जन्मतारीख कुणाला ठाऊक नसायची, मग गुरुजी अंदाजानं वर्ष धरायचे आणि १ जून टाकून द्यायचे. खरी तारीख कोणती ते आक्कांच्या आईलाच माहीत, आणि ती आता नाही. पण सवलत मिळते ती कागदावरच्या तारखेनं, म्हणून ही तारीख कामाची.

आक्का आजवर कुठे कुठे गेल्या, ते आम्ही एकदा बैठकीत मोजलं. माहेर, लग्नं, दहावे-तेरावे आणि धुळ्याचा दवाखाना. यादी संपली. तेव्हा गटानं ठरवलं की या दोघांची साठी-पासष्टी केक कापून नाही करायची. तीन दिवस त्यांना फिरायला पाठवायचं.

आक्कांचं पहिलं उत्तर आलं, "मी नही येस. ढोरेस्ले कोण देखी?"

मैत्रिणींनो, सहलीचं नियोजन इथून सुरू होतं. गाडी कोणती आणि लॉज कुठला हे नंतर. आधी त्या बाईचं घरचं काम तीन दिवस कोण करणार ते ठरवा. आम्ही कागद घेऊन बसलो आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत आक्का काय काय करतात ते लिहिलं. दोन म्हशींच्या धारा, डेअरीला दूध, शेण, शेळ्या, पाणी भरणं, सासूबाईंच्या गोळ्या, दोन्ही वेळच्या भाकरी. नानांच्या कामांची यादी पाच ओळींत संपली. आक्कांची पान उलटून मागे गेली. नाना ती यादी बराच वेळ बघत होते, बोलले काही नाहीत. मग एकेका कामापुढे नाव लिहिलं. धारा धाकट्या मुलाकडे, गोळ्या सुनेकडे, शेळ्या शेजारच्या घरी. असा लिहिलेला कागद हातात आला तेव्हा कुठे आक्कांनी मान हलवली.

दुसरा प्रश्न दिवसांचा. १ जूनला आपल्याकडे ऊन असतं आणि पेरणीची धांदल, तेव्हा वाढदिवस त्या दिवशीच करायचा हट्ट धरला नाही. गेल्या वर्षी १५ ऑगस्ट शुक्रवारी आला. त्याला लागून शनिवार, रविवार. कानबाई होऊन गेल्या होत्या, रोट संपले होते, आणि पोळा आठवड्यावर होता. शेतात एक कोळपणी झालेली. असे तीन दिवस शेतकऱ्याच्या वर्षात शोधावे लागतात. नोकरदारांना ते कॅलेंडरात लाल रंगात छापून मिळतात.

पैशांचं सांगते. नातवानं विचारलं, गटातून अंतर्गत कर्ज निघेल का? आम्ही नाही म्हटलं. गटाचं कर्ज बियाणं, आजारपण, शाळेची फी यासाठी. फिरण्याचं व्याज भरत बसलं की पुढच्या वेळी बाई घराबाहेर पाय काढत नाही. त्याऐवजी दोन मुलं आणि लेक, तिघांनी फेब्रुवारीपासून महिन्याला पाचशे-पाचशे एका डब्यात टाकले. जुलैअखेर नऊ हजार झाले.

आता कुठे जायचं? "तुम्हाला काय बघायचंय" असं विचारलं की आपल्या बाया म्हणतात, "तुम्ही न्याल तिथे." म्हणून आम्ही प्रश्न बदलला. जन्मभर नाव ऐकलं आणि बघितलं नाही, असं काय आहे? आक्का लगेच म्हणाल्या, मुक्ताईचं कोठळी. नाना म्हणाले, अजिंठा. शाळेच्या पुस्तकात चित्र होतं. सुरतेला असलेला मोठा मुलगा म्हणत होता, सापुताऱ्याला जा, नाहीतर माझ्याकडे या. पण एसटीची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच असते. आणि मुलाकडे गेलं की आक्का तिथेही भाकरी करणार, हे आम्हाला माहीत होतं.

सवलतीचं नीट समजून घ्या. १७ मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या महिलांना अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धं आणि ७५ च्या पुढे प्रवास मोफत. वयाच्या पुराव्याला आधार कार्ड चालतं. नानांना पासष्ट झाली आणि त्यांचंही तिकीट अर्धं झालं. म्हणजे एका पूर्ण तिकिटाला दीडशे रुपये पडत असतील, तर नवरा-बायको दोघं मिळून दीडशेतच जातात. दोघांचं मिळून एक तिकीट. खासगी ट्रॅव्हल्सला यातलं काही लागू नाही. सुट्ट्या लागून आल्या की गाड्या भरून येतात, तेव्हा जागा आधी आरक्षित करा. सवलत आरक्षणातही मिळते.

मार्ग सोपा होता. धुळ्याहून पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर, सगळं एका महामार्गावर. आधी लांबचं टोक गाठायचं आणि येताना थांबत यायचं, असं आम्ही आखलं. पण आमची एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. पहिल्याच दिवशी मुक्ताईनगर बघून मुक्कामाला परत जळगाव ठेवलं. एका दिवसात दोनशे किलोमीटर झाले, त्यात आक्कांना गोकुळाष्टमीचा उपवास. भुसावळला मुक्काम ठेवायला हवा होता. दमल्यामुळे चांगदेवला जाणं राहिलं. तिथे तापी आणि पूर्णेचा संगम आहे आणि दगडी कोरीव काम असलेलं जुनं देऊळ. पावसाळ्यात संगमावर गेलात तर पाण्यात मात्र उतरू नका. कोठळीला आक्का मुक्ताईपुढे तासभर बसल्या. आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्या मानाच्या पालख्यांमध्ये मुक्ताईची पालखी आहे, ती निघते इथूनच. नाना बाहेर बस चुकेल म्हणून घड्याळ बघत होते. बस चुकली. तासाभरानं दुसरी मिळाली.

बायांना प्रवासात सगळ्यात मोठी अडचण कोणती, ते पुरुषांना सांगावं लागतं. लघवीला जागा मिळणार नाही म्हणून आपण सकाळपासून पाणीच पीत नाही. मग डोकं धरतं, चक्कर येते, नंतर जळजळ. आक्का तसंच करणार हे ठाऊक होतं, म्हणून थांबण्याच्या जागा कागदावर लिहून दिल्या. मोठी बसस्थानकं, आणि गाडीनं जात असाल तर महामार्गावरचे पेट्रोल पंप. तिथलं स्वच्छतागृह वापरायला पेट्रोल भरावं लागत नाही.

लॉज फोन करून ठरवलं. चार गोष्टी विचारल्या: खोली तळमजल्यावर आहे का, संडास खुर्चीचा आहे का, खोली किती वाजता सोडायची, ओळखपत्र कुणाकुणाचं लागेल. दोघांचंही लागतं. आक्कांचं आधार कार्ड गटाच्या फायलीतच पडून होतं. तुमचंही असंच कुठेतरी असेल, ते आजच घरी आणून ठेवा.

शनिवारी अजिंठा. सोमवारी लेणी बंद असतात, हे पहिलं लक्षात ठेवा. जळगावहून साधारण साठ किलोमीटर, पहूरवरून फर्दापूर. फर्दापूरच्या फाट्यावर सगळ्या खासगी गाड्या थांबतात आणि पुढचे चार किलोमीटर एसटीच्याच बसनं जावं लागतं. लेण्यांचं वेगळं तिकीट असतं, पंधरा वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही. तिथून पुढे पायऱ्या. गुडघे दुखत असतील तर डोलीवाले असतात, पैसे आधी ठरवून बसा. आक्का म्हणाल्या, "माणसांच्या खांद्यावर मी बसायची नाही." पण अर्ध्या पायऱ्यांवर बसल्या.

तीस लेणी आहेत, सगळी बघायचा हट्ट नको. वर गेल्या गेल्या १ आणि २ नंबर, मग १६ आणि १७. पायात बळ उरलं तर २६, तिथे निजलेल्या बुद्धाची भली मोठी मूर्ती आहे. चित्रांच्या लेण्यांत चपला काढाव्या लागतात, म्हणून पट्ट्यांच्या नको, सरकवायच्या घाला. आत अंधार असतो. गेल्या गेल्या "काही दिसत नाही" म्हणून बाहेर येऊ नका. दोन मिनिटं उभं राहा, डोळे सरावले की चित्रं दिसायला लागतात. १७ नंबरमध्ये आरशात बघून नटणारी एक राणी आहे. दीड हजार वर्षांपूर्वीची बाई, बाजूला दासी. आक्का तिच्यापुढून हलेनात. नाना पहिल्या लेण्यातल्या, हातात कमळ धरलेल्या बोधिसत्त्वापाशी रमले, पुस्तकातलं चित्र तेच होतं. खाली वाघूर नदी वळसा घालून वाहते. तीच वाघूर पुढे जळगावकडे येते, शहराला पाणी पुरवते.

खाण्याला दशम्या होत्या, शेंगदाण्याची चटणी, केळी. दशम्या दुधातल्या, त्या टिकतात.

रविवारी एरंडोलला उतरून पद्मालय. रस्त्यापासून आत दहा किलोमीटर, कमळांचं तळं आणि एका गाभाऱ्यात दोन गणपती, एकाची सोंड उजवी, एकाची डावी. घरची सगळी मंडळी गाडी करून तिथेच आली. वाढदिवस असा झाला. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी सुनेनं घरून करून आणली होती. आक्कांनी वाढायला हात पुढे केला, तर मोठ्या नातीनं त्यांना खाली बसवलं.

भाड्याच्या गाडीविषयी मात्र सावध राहा. नंबरप्लेट पिवळी आणि अक्षरं काळी असलेलीच गाडी घ्या. पांढऱ्या प्लेटची गाडी खासगी वापराची असते, ती भाड्यानं घेतली आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे अडकू शकतात. किलोमीटरचा दर काय, दिवसाचे कमीत कमी किती किलोमीटर धरणार, मीटर गावातून सुरू की मालकाच्या दारातून, टोल आणि ड्रायव्हरचं जेवण कुणाकडे, हे सगळं कागदावर लिहून घ्या. ड्रायव्हर रात्री झोपला आहे का, हेही विचारा. विचारायला लाजू नका, आपली लेकरं त्याच गाडीत असतात. महामार्गावर मदत लागली तर १०३३, रुग्णवाहिकेला १०८, पोलिसांना ११२.

परत आल्यावर म्हशीनं दोन दिवस दूध कमी दिलं. आक्का म्हणतात, माझ्यावर रुसली होती. सून म्हणते, पेंड कमी पडली. दोघींचं अजून एकमत नाही.

यंदा १५ ऑगस्ट शनिवारी आहे, म्हणजे दोनच दिवस. आक्कांनी या वेळी कामांची यादी स्वतःच करायला घेतली आहे. धुळ्याहून चाळीसगाव आणि पुढे पाटणादेवी, एवढंच ठरवलं आहे. गौताळ्याचं जंगल पावसात हिरवंगार असतं, आणि गणिती भास्कराचार्यांचं नाव त्या पाटण गावाशी जोडलेलं आहे. चाळीसगावहून जायची आणि यायची शेवटची बस किती वाजता, ते स्थानकावर विचारायला नानांना पाठवलं आहे. कळलं की पुढच्या कार्यक्रमात तुम्हालाही सांगू.