ताळा जुळण्याची शर्यत

फॉर्म्युला वन या मोटारशर्यतींच्या सर्वोच्च श्रेणीत प्रत्येक संघाने आपली गाडी स्वतः रचावी असा दंडक असल्याने, हंगामाच्या आरंभी उतरलेली गाडी आणि अखेरीस धावणारी गाडी यांत बरेच अंतर पडलेले असते. पुढचा पंख, गाडीचा तळ, हवा आत घेणारी तोंडे हे भाग मधल्या काळात अनेकदा बदलले जातात. नवा भाग उपयोगी आहे की नाही हे शर्यतीपूर्वी कसे ठरवावे, हा या खेळातील जुना प्रश्न असून २००९ पासून त्याचे उत्तर शोधण्याची रीतच पालटली.

तोवरचे उत्तर सरळ होते: गाडी पळवून पाहावी. फेरारीने १९७२ मध्ये कारखान्यालगत फिओरानो येथे स्वतःचे सर्किट बांधले, १९८८ मध्ये मुजेल्लोचे सर्किट विकत घेतले, आणि मायकेल शूमाकरच्या विजयमालिकेच्या काळात शर्यतीच्या चमूखेरीज केवळ चाचण्यांसाठी वेगळा चमू व लुका बादोएरसारखा कायमचा चाचणीचालक बाळगला. दोन शर्यतींच्या मधल्या दिवसांत हजारो किलोमीटर अंतर कापणे ही बड्या संघांची नित्याची बाब झाली आणि तिचा खर्च लहान संघांना झेपेनासा झाला. २००८ साठी चाचण्यांवर ३०,००० किलोमीटरची वार्षिक मर्यादा होती. त्याच वर्षीच्या आर्थिक मंदीत होंडाने डिसेंबरमध्ये खेळातून अंग काढून घेतल्यावर ही मर्यादा निम्म्यावर आली आणि हंगाम सुरू असताना सर्किटवर चाचणी घेण्यास जवळपास पूर्ण बंदी झाली.

या बंदीचा पहिला फटका चालकांना बसला. २००९ च्या हंगेरी शर्यतीच्या पात्रताफेरीत फेरारीचा चालक फेलिपे मासा जखमी झाल्यावर निवृत्त शूमाकरने त्याची जागा घ्यावी असे ठरत होते. परंतु त्याला चालू हंगामाची गाडी सरावासाठी मिळावी ही फेरारीची विनंती काही प्रतिस्पर्धी संघांनी मान्य केली नाही, आणि पुढे मानेच्या दुखण्यामुळे त्याचे पुनरागमनही बारगळले. त्याच्याऐवजी आलेला बादोएर दहा वर्षांनी शर्यतीत उतरत होता, आणि चाचण्यांचा सारा अनुभव गाठीशी असूनही त्या वर्षीच्या गाडीचा सराव नसल्याने वॅलेन्सियाच्या पात्रताफेरीत तो अगदी शेवटचा आला.

विकासाचे काम मात्र थांबले नाही; ते चार भिंतींच्या आत गेले. विंड टनेल, म्हणजे स्थिर ठेवलेल्या प्रतिकृतीवर वारा सोडणारा बोगदा; संगणकावर हवेच्या प्रवाहाचे गणित मांडणारी सीएफडी पद्धती; आणि चालकाला खोलीत बसवून सर्किटचा आभास देणारा सिम्युलेटर, या तिन्हींवर संघांची भिस्त आली. येथे अभियंत्यांचा परवलीचा शब्द आहे ‘कोरिलेशन’. शाळेत गणिताचा ताळा पाहतात तसा तो प्रकार होय: बोगद्याने सांगितलेला डाउनफोर्स, म्हणजे गाडीला रस्त्यावर दाबून धरणारा हवेचा जोर, सर्किटवर खरोखर मिळतो काय? शुक्रवारच्या सरावात गाडीवर बसवलेल्या हवामापक जाळ्या आणि प्रवाहाच्या रेषा उमटवणारा झगझगीत रंग दिसतो, तो हा ताळा पाहण्यासाठीच. मात्र त्यासाठी हाती असतात साध्या आठवड्यात साठ मिनिटांची तीन सत्रे, आणि स्प्रिंट शर्यत असलेल्या आठवड्यात अवघे एक.

ताळा न पाहता गणितावर विसंबण्याचे धाडस २०१० मध्ये नवागत व्हर्जिन संघाने केले. निक वर्थ यांनी बोगद्याला पूर्ण फाटा देऊन केवळ सीएफडीच्या आधारे गाडी रचली. तिची इंधनटाकीच शर्यत पुरी करण्यास अपुरी असल्याचे हंगाम सुरू झाल्यावर उघड झाले, संघ गुणांविना शेवटच्या स्थानी राहिला, आणि २०११ च्या मध्यास वर्थ यांच्याशी असलेले नाते तुटले.

पण बोगदाही फसवतो, आणि तो समर्थ संघांनाही फसवतो, हे २०२२ मध्ये दिसले. त्या वर्षीच्या नियमांनुसार गाडीच्या तळाखालून वेगाने जाणारी हवा गाडीला खाली ओढत असे. ओढ वाढता वाढता तळ रस्त्याच्या इतका जवळ येई की प्रवाह गुदमरे, ओढ सुटून गाडी वर उसळे, प्रवाह पुन्हा जुळे आणि तेच चक्र सेकंदात अनेकदा घडे. या उसळीला ‘पॉरपॉइझिंग’ म्हणतात. नियमांनुसार बोगद्यातील प्रतिकृती मूळ गाडीच्या ६० टक्क्यांहून मोठी नसते आणि वाऱ्याचा वेग सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटर, यापलीकडे नेता येत नाही. शिवाय प्रतिकृती आधाराला पक्की जखडलेली असते. सरळ रस्त्यावर ताशी तीनशेच्या पुढे धावणाऱ्या, स्प्रिंग आणि टायरवर डोलणाऱ्या गाडीचे हे दुखणे तेथे कळणार तरी कसे? सलग आठ वर्षे सांघिक विजेता ठरलेला मर्सिडीज संघ या उसळीने सर्वाधिक बेजार झाला.

खर्चाची दरी बुजवण्यात चाचणीबंदीपेक्षा दोन नंतरचे उपाय अधिक परिणामकारक ठरले, असे म्हणावे लागते. पहिला, २०२१ पासूनची खर्चमर्यादा. दुसरा, त्याच वर्षी आलेली बोगद्याच्या वापराची उतरती वाटणी, म्हणजे वरच्या संघाला कमी आणि खालच्याला जास्त वाटा. २०२२ पासूनच्या प्रमाणानुसार सुमारे दोन महिन्यांच्या प्रत्येक कालखंडासाठी बोगद्यातील ३२० फेऱ्या हा पाया धरला जातो आणि विजेत्याला त्याच्या ७० टक्के, म्हणजे २२४, तर दहाव्या संघाला ११५ टक्के, म्हणजे ३६८ फेऱ्या मिळतात. २०२१ ची खर्चमर्यादा ओलांडल्याबद्दल रेड बुलला ७० लाख डॉलर दंडासह या वाट्यात आणखी १० टक्के कपात सोसावी लागली. तरीही २०२३ मधील २२ पैकी २१ शर्यती त्यांनीच जिंकल्या. मोजक्या फेऱ्यांत नेमके काय तपासायचे हे ज्याला कळते, त्याला संख्या अडवत नाही, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

सर्किटवरील चाचणीसाठी जुन्या गाड्यांची वाट मात्र खुली राहिली आहे. मुंबईच्या जेहान दारूवालाने जून २०२२ मध्ये सिल्व्हरस्टोनला मॅक्लारेनची फॉर्म्युला वन गाडी चालवली, ती आदल्या वर्षीची होती. तोच मॅक्लारेन संघ २०२३ च्या पहिल्या शर्यतीत एकही गुण मिळवू शकला नव्हता; जुलैमध्ये ऑस्ट्रियाला नवे भाग बसवल्यावर पुढच्याच आठवड्यात सिल्व्हरस्टोनला त्यांचा चालक लँडो नॉरिस दुसरा आला. हे भाग ज्या बोगद्यात तपासले गेले तो कोलोनमधील टोयोटाचा, भाड्याने घेतलेला होता; वोकिंगमधील स्वतःचा बोगदा संघाला त्यानंतर मिळाला. २०२४ मध्ये मॅक्लारेनने सांघिक विजेतेपद मिळवले, परिणामी त्यांचा वाटा ७० टक्क्यांवर आला, आणि २०२५ चे विजेतेपदही त्यांनीच राखले.