रंगतक्त्याचे तंत्र : जुन्या टीव्ही गेमपासून वाहनांच्या पडद्यापर्यंत

१९९० च्या दशकात पिंपरी-चिंचवडसह महाराष्ट्रातील शहरांत अनेक घरांच्या दूरचित्रवाणी संचाला जे 'टीव्ही गेम' जोडले जात, त्यांपैकी बहुतेक निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉम या यंत्राच्या नकला होत्या. तैवानमधील यूएमसीसारख्या कंपन्यांनी मूळ चिपसारख्याच चिप बनवल्यामुळे ही यंत्रे स्वस्त झाली आणि भारतात 'लिटल मास्टर'सारख्या नावांनी विकली गेली. आजच्या मोजमापाने अत्यंत तुटपुंजी स्मृती असूनही या यंत्रांनी रंगीत, हलते चित्र कसे उभे केले, याचे उत्तर 'पॅलेट' म्हणजे रंगतक्ता या कल्पनेत आहे.

फॅमिकॉमच्या पडद्यावर आडवे २५६ आणि उभे २४० असे एकूण ६१,४४० पिक्सेल, म्हणजे चित्रबिंदू, असतात. प्रत्येक बिंदूचा रंग सहा बिटांत स्वतंत्रपणे साठवायचा ठरवला, तर एका पडद्यासाठी ४६,०८० बाइट लागतील; प्रत्यक्षात या यंत्रातील चित्रस्मृती केवळ २,०४८ बाइटांची होती. स्मृतीच्या चिप महाग असलेल्या त्या काळात ही तफावत पैसे ओतून भरून काढणे शक्य नव्हते, म्हणून रचनाकारांनी आकार आणि रंग यांची फारकत केली.

चित्र आठ बाय आठ बिंदूंच्या लहान तुकड्यांत विभागलेले असे आणि या तुकड्याला 'टाइल' म्हणतात. टाइलमधील प्रत्येक बिंदूसाठी दोनच बिट असल्यामुळे तेथे शून्य ते तीन यांपैकी एक क्रमांक मावतो आणि संपूर्ण टाइल १६ बाइटांत बसते. हा क्रमांक स्वतः रंग नसून तक्त्यातील जागा दाखवतो, आणि त्या जागी कोणता रंग नोंदवला आहे हे यंत्र प्रत्येक बिंदू काढताना पाहते. चाकणच्या एखाद्या वाहन कारखान्यात एकाच साच्यातून निघालेल्या पत्र्याचा रंग जसा पुढे पेंट शॉपमध्ये ठरतो, तसाच येथे टाइलचा रंग तिच्या आकारानंतर, वेगळ्या ठिकाणी ठरतो. पडद्यावर कोणती टाइल कोठे आहे याची यादी ९६० बाइटांत आणि कोणत्या भागाला कोणता तक्ता लागू आहे याची नोंद ६४ बाइटांत होत असल्याने पार्श्वभूमीची संपूर्ण मांडणी १,०२४ बाइटांत मावते.

पार्श्वभूमीसाठी चार आणि 'स्प्राइट' म्हणजे हलत्या आकृत्यांसाठी चार, असे आठ तक्ते उपलब्ध असत. प्रत्येकात तीन स्वतंत्र रंग आणि सर्वांना सामाईक असा एक पार्श्वरंग मिळून एका वेळी पडद्यावर २५ रंग दिसू शकत. शून्य क्रमांकाचा बिंदू स्प्राइटमध्ये पारदर्शक ठरत असल्याने आकृतीच्या मागचे दृश्य दिसत राही. पार्श्वभूमीतील १६ बाय १६ बिंदूंच्या प्रत्येक चौकोनाला मात्र एकच तक्ता लागू होई. जुन्या खेळांतील विटा, ठोकळे आणि नळ ठरावीक मापाचे दिसतात, त्यामागे हे बंधन मोठे कारण आहे.

बंधनातून कल्पकताही आली. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये आकाशातील ढग आणि जमिनीवरील झुडूप यांचा आकार एकच असून केवळ तक्ता वेगळा आहे, आणि मारिओचा भाऊ लुईजी याचीही आकृती मारिओचीच आहे. त्याच खेळातील नाण्यांची लकाकी टाइल न बदलता तक्त्यातील एका रंगाची नोंद ठरावीक अंतराने बदलून साधलेली आहे, म्हणजे एक बाइट बदलताच पडद्यावरील सर्व नाणी एकदम चमकतात.

तक्त्यातील रंग आजच्यासारखा तांबडा, हिरवा आणि निळा यांच्या प्रमाणात लिहिलेला नसे. सहापैकी चार बिट छटा आणि दोन बिट उजळपणा ठरवत. त्यांपासून बनणाऱ्या ६४ नोंदींपैकी काही काळ्या किंवा एकसारख्या असल्याने सुमारे ५४ रंगच वेगळे उमटत. चिप या नोंदीवरून थेट दूरचित्रवाणीचा संदेश तयार करी. जपानमधील एनटीएससी पद्धत आणि भारतात १९८२ पासूनच्या रंगीत प्रक्षेपणात वापरलेली पाल पद्धत यांचे रंगसंदेश भिन्न असल्याने पालसाठी वेगळी चिप बनवावी लागली. शिवाय प्रत्येक संच संदेशाचा अर्थ थोडा वेगळा लावत असल्यामुळे या यंत्राचे 'खरे' रंग एकमेव असे सांगता येत नाहीत.

पुढे सेगाच्या मेगा ड्राइव्हने ५१२ पैकी ६४, तर सुपर निन्टेन्डोने ३२,७६८ पैकी २५६ रंग एका वेळी दाखवण्याची सोय केली, पण तत्त्व तेच राहिले, आणि ते आजही कालबाह्य झालेले नाही. वाहनांच्या डॅशबोर्डवर आता काट्यांच्या जागी पडदे येत आहेत, आणि लहान पडदे चालवणाऱ्या एसटीएम३२ मालिकेतील अनेक मायक्रोकंट्रोलरांत २५६ रंगांच्या तक्त्याची सोय आहे. ४८० बाय २७२ बिंदूंच्या चित्राला प्रत्येक बिंदूमागे तीन बाइट दिल्यास ३,९१,६८० बाइट लागतात. तक्ता वापरल्यास १,३०,५६० बाइट आणि तक्त्याचे ७६८ एवढ्यावर काम भागते, शिवाय दिवसाचे रूप रात्रीच्या रूपात बदलण्यासाठी चित्राला हात न लावता तक्ता बदलणे पुरते. म्हणून आकुर्डी, निगडी ते चाकण या पट्ट्यात एम्बेडेड इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या विद्यार्थ्याने या जुन्या यंत्राचा अभ्यास अवश्य करावा. कोणती माहिती साठवायची आणि कोणती केवळ क्रमांकाने दाखवायची, हा अभियांत्रिकीतील मूलभूत निर्णय इतक्या स्पष्टपणे उलगडून दाखवणारी उदाहरणे फार थोडी आहेत.