जुन्या बुलेटचा क्लच पूर्ण का सुटत नाही?



आपल्या बेळगावात अजूनही काही घरांत आजोबांची किंवा वडिलांची जुनी बुलेट जपून ठेवलेली आहे. मद्रासला एन्फिल्ड इंडियाने १९५५ साली या गाड्यांचे काम सुरू केले. उजव्या पायाने चार गिअर टाकायची ती ३५० सी.सी.ची गाडी आज हौसेने पुन्हा बांधून घेतली जाते. इंजिन उघडले जाते, रंग होतो, क्रोम होते आणि गाडी नवी होऊन घरी येते. पण बऱ्याचदा पहिल्याच फेरीत तक्रार सुरू होते : क्लच दाबला तरी गाडी पुढे सरकते, पहिला गिअर टाकताना 'खाडकन' आवाज येतो आणि सिग्नलला उभे असताना न्यूट्रल काही केल्या सापडत नाही.

हा दोष नुसता त्रासाचा नाही, धोक्याचा आहे. राणी चन्नम्मा चौकात गाडी थांबवली आहे, समोरून शाळेची मुले रस्ता ओलांडत आहेत आणि क्लच दाबलेला असूनही गाडी पुढे ओढते आहे, असे चित्र डोळ्यांसमोर आणा. म्हणून हा दोष कसा शोधावा, ते आम्ही येथे क्रमाने सांगत आहोत.

क्लचचे काम

क्लच म्हणजे एकाआड एक रचलेल्या चकत्यांची चळत. अस्तर लावलेल्या प्लेटी इंजिनाबरोबर फिरतात, तर साध्या पोलादी प्लेटी गिअरबॉक्सला जोडलेल्या असतात. स्प्रिंगा ही चळत घट्ट आवळून धरतात, त्यामुळे दोन्ही एकत्र फिरतात. आपण हँडलवरचा क्लच दाबतो तेव्हा केबल ओढली जाते, गिअरबॉक्सच्या पोकळ शाफ्टमधली सळई पुढे सरकते, प्रेशर प्लेट उचलली जाते आणि चळत सैल होते.

आता थोडे गणित करू. समजा, प्रेशर प्लेट २ मिलीमीटर उचलली गेली. अस्तराच्या प्लेटी ४ असतील, तर घासणारे पृष्ठभाग ८ झाले. २ भागिले ८ म्हणजे प्रत्येक ठिकाणी फक्त पाव मिलीमीटर फट, साधारण एका पोस्टकार्डाच्या जाडीएवढी! हातापासून प्लेटीपर्यंतच्या वाटेत अर्धा मिलीमीटर जरी हरवला, तरी प्रत्येक फटीचा चौथा हिस्सा गेला. क्लच न सुटण्याची कारणे म्हणूनच दोनच प्रकारची असतात : एक तर ओढ वाटेत हरवते, नाहीतर पुरेशी ओढ मिळूनही प्लेटी एकमेकींना सोडत नाहीत.

इंजिन बंद ठेवून परीक्षा

जुन्या बुलेटची किक क्लचमधूनच इंजिन फिरवते. त्यामुळे इंजिन बंद ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन क्लच पूर्ण दाबा आणि किक हाताने किंवा पायाने हळू खाली न्या. किक सैल खाली गेली तर क्लच सुटतो आहे. इंजिनाचा जोर जाणवला तर सुटत नाही. रात्रभर उभ्या गाडीच्या प्लेटी तेलाने चिकटतात. सकाळी क्लच दाबून दोन-चार किका मारल्यावर त्या मोकळ्या झाल्या आणि दिवसभर त्रास नसेल, तर तो दोष समजू नये.

बाहेरून आत

पुष्कळ जण लगेच नव्या प्लेटी विकत आणतात. आमचे सांगणे उलट आहे. जे बाहेर आहे आणि स्वस्त आहे, ते आधी पाहावे.

पहिली केबल. बांधणीत ती टाकीखाली तीव्र वळणावर दाबली गेली आहे का, नाक्याजवळ तिचे तार तुटले आहेत का, हँडल डावी-उजवीकडे वळवल्यावर तिचा ताण बदलतो का, हे पाहा.

दुसरा हँडलवरचा लिव्हर. बदली म्हणून घातलेल्या लिव्हरमध्ये खिळा आणि केबलचे टोक यांतले अंतर मूळ मापापेक्षा कमी असेल, तर तितकाच लिव्हर दाबूनही केबल कमी ओढली जाते. चकचकीत नवा लिव्हर दोषी असेल असे कोणाच्या मनातही येत नाही.

तिसरी सळई. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने तिची टोके तापून मऊ होतात आणि अळंबीसारखी पसरतात, म्हणजे सळई आखूड होते. काही गाड्यांत सळईचे दोन तुकडे आणि मध्ये पोलादी गोळी असते. ती बांधताना विसरली गेली, तर क्लच सुटणारच नाही. नवी सळई करून घेताना टोके कडक केलेली हवीत. उद्यमबागेत हे काम जाणणारे कारागीर आहेत.

चौथे सेटिंग. आधी केबल पूर्ण सैल करा. गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाचे लहान झाकण काढून आतला स्क्रू सळईला टेकेपर्यंत फिरवा, मग किंचित मागे घेऊन नट आवळा. शेवटी केबलला ताण देऊन लिव्हरवर २ ते ३ मिलीमीटरची ढील ठेवा. क्लच सुटावा म्हणून ही ढील मुळीच काढून टाकू नये, नाहीतर प्लेटी घसरू लागतील आणि चोर्ला घाट चढताना जळतील.

पाचवे तेल. बुलेटच्या प्लेटी डाव्या बाजूच्या चेनकेसमध्ये तेलात फिरतात. तेथे चुकून गिअरबॉक्सचे दाट तेल घातले, तर प्लेटी एकमेकींना सोडत नाहीत. पुस्तिकेत सांगितलेले इंजिन ऑइल तेवढ्याच मापाने घालावे.

एवढे करूनही गुण आला नाही, तरच चेनकेस उघडावे. एकाने क्लच दाबावा व दुसऱ्याने प्रेशर प्लेट पाहावी. ती एका अंगाने जास्त उचलली जात असेल, तर स्प्रिंगांची लांबी मोजून पाहा आणि स्क्रू सारखे आवळा. साध्या प्लेटी काचेवर ठेवून फीलर गेज घालून पाहा. तापून निळ्या पडलेल्या, वाकलेल्या प्लेटी बदलाव्यात. ड्रमच्या खोबणीत प्लेटींच्या दातांनी खाचा पाडल्या असतील, तर प्लेटी त्यांत अडकतात; खाचा उथळ असल्यास कानशीने साफ कराव्यात. प्लेटी ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने बसवाव्यात.

काही सावधगिरी

जुन्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. इंजिन चालू असताना चेन किंवा चाकाजवळ हात नेऊ नये. टाचेने दाबायचा न्यूट्रल फाइंडर पहिला गिअर सोडून इतर गिअरांतून न्यूट्रल देतो. पण त्याच्या भरवशावर न सुटणारा क्लच तसाच चालवणे म्हणजे दुखणे झाकणे होय. आणि मुलांनो, परीक्षा जरूर पाहा, पण १८ वर्षे पूर्ण होऊन परवाना मिळेपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊ नका.

पालकांना एकच विनंती. गाडी मेस्त्रींकडे देताना "क्लच प्लेटी बदला" असे सांगू नका. "क्लच पूर्ण सुटत नाही, केबलपासून तपासा" असे सांगा. शक्य असेल तर मुलांनाही शेजारी उभे करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, लगेच किकची परीक्षा घ्यायची आणि काय फरक पडला ते वहीत लिहायचे. विज्ञानाच्या प्रयोगवहीत आपण हेच तर शिकवतो.