घाटमाथ्यावरचा मुक्काम : वाटाड्या, ओसरी आणि चूल

सह्याद्रीत डोंगरवाट दाखवायला जो गावकरी बरोबर येतो त्याला वाटाड्या म्हणतात. त्याच्या मागून दिवसभर चालायचे, संध्याकाळी त्याच्या किंवा त्याच्या भाऊबंदांच्या घरी उतरायचे, चुलीवरचे जेवायचे, ओसरीवर अंग टाकायचे आणि उजाडता पुढची वाट धरायची, याला अलीकडे ‘होमस्टे ट्रेक’ असे नाव पडले आहे. नाव नवे, रीत जुनी. घाटमाथ्यावरची माणसे मीठ आणि सुकट आणायला कोकणात उतरत, लेकी घाटाखाली दिलेल्या असत, बाजाराला दोन डोंगर ओलांडून जावे लागे. आज जिला ट्रेकची वाट म्हणतात ती बहुतेक ठिकाणी अशीच कुणाची तरी नित्याची वाट होती.

या रीतीची सगळी अंगे एका ठिकाणी पाहायची तर अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्याचा पश्चिम भाग घ्यावा. महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई (१६४६ मीटर), प्रवरेचे उगमस्थान रतनगड आणि कोकणकड्यासाठी प्रसिद्ध असलेला हरिश्चंद्रगड हे तिन्ही याच तालुक्याच्या डोंगरांत येतात. त्यांना कवेत घेणारे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झाले. रतनवाडी, साम्रद, घाटघर, कुमशेत, पाचनई ही गावे या जंगलाच्या आत किंवा काठावर आहेत. वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे आणि १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे याच तालुक्यातल्या देवगावचे.

रतनवाडी ते हरिश्चंद्रगड ही या भागातली सर्वांत नावाजलेली पायवाट. रतनवाडीत अमृतेश्वराचे कोरीव देऊळ आणि त्याची पुष्करणी आहे. तिथून निघालेली वाट प्रवरेच्या अगदी बाळपणीच्या प्रवाहाला पुन्हापुन्हा ओलांडत दाट झाडीत शिरते. पुढे तिला फाटा फुटतो. एक वाट लोखंडी शिड्या चढून रतनगडाच्या गणेश दरवाजात आणि मग माथ्यावरच्या नेढ्याकडे, म्हणजे कातळातल्या आरपार भोकाकडे, जाते, दुसरी कात्राबाईच्या खिंडीकडे. खिंड ओलांडली की समोर आजोबाचा डोंगर येतो आणि उतार कुमशेतला नेतो. पहिला मुक्काम बहुधा तिथेच पडतो. दुसऱ्या दिवशी पेठेच्या वाडीवरून पाचनई, तिथे पुन्हा मुक्काम, आणि तिसऱ्या सकाळी दोन-तीन तासांच्या चढाने हरिश्चंद्रेश्वराचे देऊळ आणि केदारेश्वराची गुहा. नकाशावर हे अंतर फार दिसत नाही. जंगलातला तो फाटा चुकला मात्र, की पूर्ण दिवस जातो, आणि पावसाळ्यानंतरच्या पुरुषभर गवतात तो चुकायला वेळ लागत नाही.

वाटाड्याचे खरे ज्ञान या ठिकाणी कळते. शहरातून आलेल्याला जमिनीवर उमटलेली प्रत्येक रेघ वाटच वाटते. वाटाड्या ढोरवाट आणि पाऊलवाट वेगळी ओळखतो. ढोरवाटा अनेक असतात, एकमेकींत गुंततात, चाऱ्याच्या पठारावर पोहोचल्या की विरून जातात. पाऊलवाट एकच असते, चढाला नागमोडी वळणे घेते आणि कुठल्या तरी खिंडीशी बांधलेली असते. त्याच्या बोलण्यात डोंगराचे सगळे अवयव येतात. डोंगराच्या उतरत्या धारेला सोंड किंवा दांड, कड्याच्या पोटाशी असलेल्या सपाटीला पदर, दोन कड्यांमधून पाणी उतरते त्या चिंचोळ्या उताराला नाळ, मुरमाड घसरणीला घसारा. ‘सोंडेने चढू, पदरातून आडवे जाऊ आणि नाळेत उतरू’ एवढ्या एका वाक्यात तो चार तासांचा मार्ग सांगून टाकतो. कोकणातल्या बेलपाड्याहून हरिश्चंद्रगडावर चढणाऱ्या अवघड नळीच्या वाटेचे नाव अशाच बोलीतून आले आहे.

आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’सारख्या पुस्तकांनी या वाटा छापील नोंदीत आणल्या. आता मोबाइलवर मार्गाची रेघ उतरवून घेता येते. या नोंदी मोलाच्या आहेत, पण त्या वाट दाखवतात. वाट राखत नाहीत. घाटमाथ्यावर पाऊस प्रचंड. कारवी आणि गवत कापले नाही आणि पायही पडले नाहीत, तर दोन-तीन पावसाळ्यांत वाट बुजते. ओढ्याच्या काठची दरड एका रात्रीत वाट तोडते. गावागावांत डांबरी रस्ता आणि एसटी आल्यापासून बाजारासाठी किंवा सोयरिकीसाठी खिंड चढणारे कमी झाले. ते चांगलेच झाले, कारण आजारी माणसाला डोलीत घालून डोंगर ओलांडायची वेळ कुणावर येऊ नये. पण त्याबरोबर खिंडीतल्या वाटेवरचे पायही कमी झाले. आता ती वाट उघडी राहते ती गुराखी, हिरडा गोळा करणारे आणि ट्रेकवाले यांच्या पायांनी. म्हणून गावचा वाटाड्या घेणे ही निव्वळ सोय नाही. पुढे चालताना त्याचा कोयता आडवी आलेली फांदी तोडत जातो, दगडांची ढासळलेली खूण त्याचा हात पुन्हा रचून ठेवतो. वाटेची डागडुजी अशी होते. तिच्यासाठी वेगळा कुणी येत नाही.

मुक्कामाचे घर साधे असते. पुढे ओसरी किंवा पडवी, आत माजघर, त्यामागे चूल, एका अंगाला गोठा. जुन्या घरांचे कुड कारवीचे. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि फुलोऱ्यानंतर मरते. तिच्या वाळलेल्या काठ्या उभ्या बांधून वर शेणामातीचा गिलावा चढवला की भिंत तयार होते, उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार. आता बरीच घरे विटांची आणि पत्र्याची झाली आहेत, आणि पाहुण्यांना कारवीचे घर पाहायची हौस असली तरी वर्षावर्षाला लिंपण करणाऱ्या बाईला पक्क्या भिंतीचा मोह पडणारच. पाहुण्यांची सोय ओसरीवर किंवा माजघरात सतरंजी, चटई आणि गोधड्या टाकून होते. डिसेंबर-जानेवारीत इथली रात्र बोचरी असते, तेव्हा स्वतःची स्लीपिंग बॅग आणलेली बरी.

सगळ्यात नाजूक बाब पाण्याची. घाटघरच्या परिसरात वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि तरीही घाटमाथ्यावरच्या अनेक वाड्यांत एप्रिल-मे महिन्यांत हंडे घेऊन लांब जावे लागते. उतार तीव्र, माती पातळ, खाली अखंड काळा कातळ; पाणी मुरायला जागाच नसते. प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले. त्याचे पाणी कालव्यांनी खालच्या सपाटीवरच्या उसाला जाते, माथ्यावरच्या पाड्याला ते चढून येत नाही. स्टीलच्या एका हंड्यात साधारण पंधरा लिटर पाणी मावते. आठ जणांची टोळी सकाळी प्रत्येकी एक बादली घेऊन अंघोळीला बसली, तर घरच्या बाईच्या आठ-दहा खेपा संपल्या. पाहुण्यासमोर ती काही बोलत नाही, चुलीवर पाणी तापत ठेवते. उन्हाळ्यातल्या मुक्कामात अंघोळ टाळणे, ताटात घेतलेले संपवणे आणि हात धुताना लोटीने बेताने पाणी घेणे एवढे कळणाऱ्याला त्या घरी खरा मान मिळतो.

जेवणात शहरातले पदार्थ मागण्याची चूक वारंवार होते आणि तिने दोन्हीकडचे नुकसान होते. पनीर आणि नूडल्स राजूरच्या किंवा अकोल्याच्या बाजारातून आणावे लागतात. गावाच्या शिवारात पिकते ते भात, नाचणी, वरई, हुलगा, खुरासणी. नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठले, खुरासणीची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कधी हुलग्याची शेंगोळी आणि पावसाळ्यात रानभाज्या, असे ताट इथले खास. तालुक्यातला काळभात शिजताना त्याचा वास ओसरीपर्यंत येतो. देशी वाणांची बियाणी जपल्याबद्दल ज्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली त्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. वाणाची बी मडक्यात राखून ठेवावीशी वाटायला त्याचा दाणा कुणीतरी आवडीने खाल्ला पाहिजे, आणि पाहुण्यांचे ताट त्यासाठी उपयोगी पडते. जेवणाची वर्दी मात्र आदल्या दिवशी द्यावी. चुलीवर वीस माणसांच्या भाकऱ्या थापायच्या म्हणजे दोन बायांचे अडीच-तीन तास जातात.

हंगाम पर्यटकाच्या सुटीने ठरतो, गावाचा हंगाम शेतीने. जुलैमध्ये भाताची लावणी असते. घरातले सगळे चिखलात उभे असताना पाहुणे आले तर चहा करायलाही घरात कुणी नसते. त्या दिवसांत वाटाही निसरड्या, ओढे अचानक फुगतात आणि साम्रदजवळच्या सांदण दरीत उतरणे जिवावरचे ठरते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भात कापणीला येतो, पठारे सोनकीने पिवळी झालेली असतात. गर्दी टाळून नोव्हेंबर ते फेब्रुवारी निवडला तर चालणाऱ्यालाही आणि यजमानालाही सवड मिळते. मेअखेरीपासून पावसाने जोर धरेपर्यंत काजव्यांचे दिवस. सादडा, हिरडा, जांभूळ, बेहडा अशा झाडांवर हजारो काजवे एका लयीत लुकलुकतात. नराने मादीला दिलेली ती खूण असते. मोटारींचे दिवे आणि मोबाइलच्या विजेऱ्या त्या खुणेवर पडल्या की ती हरवते, जोड्या जमत नाहीत, आणि पुढच्या वर्षीच्या काजव्यांना तिथेच खीळ बसते. वाटाड्याने दिवा बंद करायला सांगितले तर तो ताबडतोब बंद करावा. इथे त्याचा शब्द शेवटचा.

पैशाचा प्रश्न सरळ बोलला पाहिजे. पाहुणा देतो ती रक्कम वाटाडे, घरधनी आणि रांधणाऱ्या बाया यांच्यात वाटली जाते. अडचण येते ती पाहुणे कुणाकडे जातात यात. रस्त्याकडेला घर, घरात मोबाइलला रेंज आणि शहरात ओळख हे तिन्ही ज्याच्याकडे असते त्याच्याकडे सगळे लोटतात, आणि वरच्या आळीतल्या चांगल्या घराकडे कुणी फिरकत नाही. काही गावांनी यावर पाळी लावली आहे. या आठवड्यातले पाहुणे या घरांकडे, पुढचे त्या घरांकडे. वाटाड्यांचीही तशीच पाळी. ही व्यवस्था भांडणे मिटवते आणि भार विभागते, म्हणून मुक्काम ठरवताना गावात पाळी आहे का हे आधी विचारणे उत्तम. शहरातून चाळीस-पन्नास जणांची टोळी आणून, स्वतःचा लीडर पुढे घालून, गावात फक्त जेवणाचा भाव पाडून घेण्याची पद्धत वाढते आहे. त्यात गावाच्या वाट्याला भांडी घासणे उरते. लीडर शहरातला असला तरी वाटाड्या गावचाच घ्यावा. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा मोहिमा नेणाऱ्या संस्थांना पर्यटन विभागाकडे नोंदणी करावी लागते, ती आहे की नाही हे पैसे भरण्यापूर्वी पाहता येते. अभयारण्यात शिरताना वन विभागाचे शुल्क निराळे द्यावे लागते.

सुरक्षिततेच्या बाबतीत या डोंगरात दोन गोष्टी विशेष सांभाळाव्या लागतात. एक, आग्या मोहोळ. कड्यांच्या कपारीत त्यांची पोळी लोंबतात. उग्र अत्तर, धूर, आरडाओरडा यांनी माश्या उठतात. उठल्याच तर हातवारे न करता तोंड-डोके झाकून शक्य तितक्या लवकर त्या जागेपासून दूर जावे. दुसरी, धुके. कोकणकड्याच्या बाजूने ते मिनिटांत चढते आणि पाच पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो. अशा वेळी वाटाड्या सगळ्यांना जागीच बसवतो. ते उतावळ्यांना पटत नाही, पण कड्याच्या काठी अंदाजाने टाकलेले पाऊल परत घेता येत नाही. कुणी जखमी झालेच तर पहिली मदत जवळच्या वाडीतूनच येते. चादरीला दोन बांबू लावून झोळी करायची आणि आळीपाळीने खांदा देत उतरायचे, हे इथल्या माणसांच्या अंगवळणी पडलेले काम आहे. गिर्यारोहकांच्या बचाव पथकांना कळवले की तीही निघतात, पण त्यांना शहरातून पोहोचायला काही तास लागतात.

हिशेब बहुतेकदा शेवटच्या सकाळी, चहाबरोबर होतो. त्यात एक गोष्ट सर्रास सुटते. रतनवाडीहून निघालेला वाटाड्या कुमशेतला पोहोचवून मोकळा होत नाही, त्याला कात्राबाईची खिंड पुन्हा एकट्याने चढून घरी जायचे असते. एसटीने वळसा घालून जायचे तर त्यातही दिवस मोडतो. त्यामुळे एका दिवसाच्या वाटेला त्याची मजुरी दोन दिवसांची धरतात, आणि त्याच्या परतीच्या भाकऱ्या कुमशेतच्या चुलीवर पहाटेच भाजून फडक्यात बांधलेल्या असतात.