खरेदीखत, बोलणे आणि फसगत

बेळगाव-निपाणी भागातील पुष्कळ घरांत आजोबांचे खरेदीखत मराठीत, क्वचित मोडीत असते आणि नातवाचे कन्नडात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, त्याचा हा परिणाम. कागद वाचता येत नसला म्हणजे माणूस दुसऱ्याच्या शब्दावर सही करतो. तो शब्दच खोटा निघाला तर कायदा काय करतो, हे सभासद बंधुभगिनींनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

१८७२ च्या करार कायद्यात खोटेपणाचे दोन प्रकार आहेत. समजा, शेत विकणारा म्हणतो, "विहिरीला बारमाही पाणी आहे." चैत्रात ती आटते हे त्याला ठाऊक असेल, तर ते कलम १७ चे कपट. ठाऊक नसेल, पण पक्की माहिती नसताना त्याने छातीठोकपणे सांगितले असेल, तर ते कलम १८ चे चुकीचे निवेदन. मन स्वच्छ असले तरी सुटका नाही! त्या बोलण्यावर विसंबून ज्याने करार केला, त्याला कलम १९ अन्वये तो रद्द करता येतो. किंवा करार कायम ठेवून, बोलणे खरे असते तर आपली जी स्थिती असती ती करून द्या, असेही म्हणता येते. रद्द केल्यास घेतलेला लाभ मात्र परत करावा लागतो. कपट असेल तर नुकसानभरपाईही मागता येते.

यात एक मेख आहे. साधी चौकशी करून खरे कळण्याजोगे असेल, तर चुकीच्या निवेदनाची तक्रार चालत नाही. उतारा काढण्याचा आळस केलेल्यांना हे कलम फारसे तारीत नाही. उघड खोटे बोलून कपट करणाऱ्याला मात्र ही पळवाट नाही.

सहीच्या कागदाबाबत सर्वोच्च न्यायालयाचा १९६८ चा एक निकाल ध्यानात ठेवण्याजोगा आहे. खटला म्हैसूर उच्च न्यायालयाकडून आलेला; पतीने पत्नीची बक्षीसपत्रावर सही घेतली होती. न्यायालयाने भेद केला तो असा : कागद कोणत्या प्रकारचा आहे हेच खोटे सांगितले असेल, तर तो मुळातच शून्य. प्रकार ठाऊक होता, पण आतील मजकुरात, जसे जादा सर्व्हे नंबर घालून, फसविले असेल, तर तो केवळ रद्द होण्याजोगा. तसा दावा फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. फसवून घातलेल्या जमिनीपुरता त्या बाईंचा दावा मुदतीबाहेर ठरला. आणि मुदत शिल्लक असली, तरी मध्यंतरी ती जमीन काहीच ठाऊक नसलेल्या एखाद्या प्रामाणिक खरेदीदाराने पैसे मोजून घेतली असेल, तर ती त्याच्याकडून सहसा परत मिळत नाही.